तडा गेला की म्हणायचं ‘वाबी-साबी’?

इन्स्टाग्रामवर पॉटरीचं एकही रील बघितलं नाही, असा कॉलेजवाला आज सापडणं कठीण. चाक फिरतंय, ओली माती बोटांत वर चढतेय, मागे लो-फाय म्युझिक आणि तीस सेकंदांत पॉट तयार. रील तिथेच संपतं. माती सुकताना काय झालं, भट्टी उघडल्यावर किती पॉट अख्खे निघाले आणि किती तडकलेले, ते कोणी दाखवत नाही.

पॉट तडकलाच, तर त्यासाठी एक रेडिमेड उत्तर तयार असतं. ‘अरे चालतंय, वाबी-साबी!’ म्हणजे अपूर्णतेतलं सौंदर्य. जपानी शब्द असला की वाद संपतो. फोटो काढायचा, काळा-पांढरा फिल्टर लावायचा, खाली कॅप्शन टाकायची आणि मोकळं व्हायचं.

मला या उत्तराचा खरंच कंटाळा आलाय. माझं म्हणणं सरळ आहे. हाताने केलेल्या पॉटला जाणारा तडा बहुतेक वेळा सौंदर्य नसतो, नशीबही नसतं आणि ‘भट्टीच खराब होती’ हेसुद्धा क्वचितच खरं असतं. तो घाईचा हिशोब असतो. ती घाई कोणाची होती, हे विचारायला आपण शिकलं पाहिजे. कारण त्या घाईचे पैसे बहुतेक वेळा शिकणाराच भरतो.

यासाठी मी उदाहरण घेतेय ते बॉन्सायच्या पॉटचं. तडकलेल्या कपात पेन ठेवता येतात, तडकलेल्या प्लेटची साबणदाणी होते. बॉन्सायच्या पॉटला अशी पळवाट नाही. त्यात एक जिवंत झाड राहणार असतं.

शब्दातच अर्धा पॉट आहे

‘बॉन्साय’ या शब्दातलं ‘बोन’ म्हणजे उथळ भांडं, ट्रे; आणि ‘साय’ म्हणजे लावलेलं झाड. म्हणजे या कलेच्या नावात पॉट झाडाच्या आधी येतो. बॉन्साय करणारे लोक पॉटची निवड फ्रेमच्या निवडीसारखी करतात. ढोबळ नियम असा, की पॉटची लांबी झाडाच्या उंचीच्या साधारण दोन-तृतीयांश आणि खोली बुंध्याच्या जाडीएवढी. खाली पाणी जायला मोठी भोकं, झाड तारेने बांधायला छोटी भोकं आणि हवा खेळती राहावी म्हणून पाय. हे सगळं एका उथळ, रुंद, बऱ्याचदा चौकोनी भांड्यात बसवायचं.

जपानमध्ये या पॉटचं माहेरघर म्हणजे नागोयाच्या दक्षिणेला, चिता द्वीपकल्पावरचं तोकोनामे हे गाव. जपानच्या ‘सहा प्राचीन भट्ट्यां’पैकी ही एक. इथे बाराव्या शतकापासून मातीची भांडी भाजली जातात. मेइजी काळात इथेच सांडपाण्याचे मातीचे पाइप मोठ्या प्रमाणावर बनत. गावातल्या एका चढाच्या भिंती अजूनही त्या जुन्या पाइपांनी रचलेल्या आहेत आणि लोक तिथे फोटो काढायला जातात. मला ही गोष्ट आवडते, कारण तिच्यात उगाच गूढ काही नाही. जमिनीखाली पाइप फुटून चालत नाही आणि बॉन्सायचा पॉटही फुटून चालत नाही. दोन्हीकडे कारागिराची परीक्षा एकच: भांडं अख्खं आणि पक्कं निघालं की नाही?

जपानच्या थंडीत पॉटच्या छिद्रांत शिरलेलं पाणी गोठतं, गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि कच्चं भाजलेलं भांडं फोडतं. म्हणून तिथले चांगले पॉट स्टोनवेअरचे, म्हणजे १२०० डिग्रीच्या आसपास भाजून घट्ट केलेले असतात. आपल्याकडे बर्फाची भीती नाही, पण वड, पिंपळ, उंबर आहेत. जुन्या वाड्याच्या भिंतीत उगवलेला पिंपळ काय करतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तेच मूळ पॉटमध्ये कोंडल्यावर बारीकशी भेगसुद्धा शोधून काढतं. झाड काढून नव्या मातीत लावायचं काम दोन-चार वर्षांतून एकदाच होतं. तोपर्यंत पॉटला मुळांचा रेटा रोज सोसायचा असतो.

हा आकारच अवघड आहे

मातीचं एक साधं गणित आधी समजून घेऊ. मळलेल्या ओल्या मातीत वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापेक्षा जास्त पाणी असतं. ते उडतं तशी माती आकसते. सुकताना ५ ते ८ टक्के आणि भाजून पक्की होईपर्यंत एकूण १० ते १३ टक्के. म्हणजे १२ टक्के धरले आणि ३० सेंटिमीटर लांबीचा पॉट हवा असेल, तर ओला पॉट ३४ सेंटिमीटरचा करावा लागतो. भट्टीतून बाहेर येईपर्यंत चार सेंटिमीटर कुठे तरी गेलेले असतात.

आकसणं हा प्रॉब्लेम नाही. प्रॉब्लेम आहे तो सगळीकडे एकाच वेळी न आकसणं. पॉटची वरची कड पातळ, तिला चारही बाजूंनी हवा लागते. ती आधी सुकते. तळ जाड, फळीला चिकटलेला, अंधारात बसलेला. तो ओलाच राहतो. कड म्हणते मी आकसणार, तळ म्हणतो मी जागचा हलणार नाही. या ओढाताणीत सगळ्यात कमजोर जागा फाटते. गोल वाटीत हा ताण सगळीकडे वाटला जातो. उथळ, चौकोनी पॉटला मात्र चार कोपरे आणि एक मोठा सपाट तळ असतो. चाकावरच्या वाटीपेक्षा मातीच्या पाटीपासून, म्हणजे स्लॅबपासून बनवलेला चौकोनी बॉन्साय पॉट अवघड का, तर हे असं.

म्हणून जाणकार लोक काय करतात? तळ आणि भिंती एकाच जाडीच्या ठेवतात. स्लॅब लाटताना दोन्ही दिशांनी लाटतात, मग लाकडी किंवा रबरी पट्टीने दाबून घट्ट करतात. स्लॅब एका कोपऱ्याला धरून उचलत नाहीत, कारण मातीला आठवण असते. ओली असताना वाकवली आणि नंतर सरळ केली, तरी भट्टीत ती पुन्हा तशीच वाकू बघते. भिंती जोडताना दोन्ही तुकडे सारख्याच ओलेपणाचे असावे लागतात, तेही हाताला चामड्यासारखे लागतील इतपतच सुकलेले. जोडावर ओरखडे काढायचे, त्याच मातीचा पातळ काला लावायचा, दाबायचं आणि आतल्या कोपऱ्यात मातीची बारीक वळी भरून बोटाने बसवायची. पायांचंही तसंच. सुकलेल्या पॉटला ओला पाय लावला, की तो पाय परतीचं तिकीट काढूनच आलेला असतो.

आणि भोकं! ती पाडताना कडेला सुरीची एखादी खाच राहिली, की तडा तिथूनच सुरू होतो. चिवड्याचं पाकीट आठवा. सरळ कड फाडायला दोन माणसं लागतात, पण छोटीशी खाच असली की पाकीट एका झटक्यात उघडतं. म्हणून भोकाची कड ओल्या स्पंजने गुळगुळीत करून घ्यायची. दोन मिनिटांचं काम आहे, पण वर्कशॉपच्या शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्यात आधी हेच राहून जातं.

त्यानंतर सुरू होतं रीलमध्ये न येणारं काम, म्हणजे सुकवणं. पॉटच्या कडेवर प्लॅस्टिक टाकायचं, तळ लाकडी पट्ट्यांवर किंवा जाळीवर उचलून धरायचा, फळीवर ठेवायचाच असेल तर खाली वर्तमानपत्र घालायचं म्हणजे आकसताना तो सरकेल. मधूनमधून उलटा करायचा. मोठ्या पॉटला यात दोन-तीन आठवडे सहज जातात. त्यातही महाराष्ट्र म्हणजे एक हवामान नाही. जुलैत मुंबईत किंवा कोकणात पॉट सुकतच नाही; मे महिन्यात नागपुरात तो दुपारच्या झोपेत तडकतो. ‘सात दिवसांत सुकेल’ असं छापील उत्तर इथे कोणालाच देता येत नाही.

भट्टीत काय होतं?

पॉट वरून सुकलेला दिसला म्हणजे सुकला असं नाही. जुनी युक्ती अशी, की तळ गालाला लावून बघायचा. गार लागला तर आत अजून ओल आहे. अशा पॉटला भट्टीत घातलं आणि तापमान भराभर वाढवलं, तर १०० डिग्रीला आतल्या पाण्याची वाफ होते. पाण्यापेक्षा वाफ १६०० पटींहून जास्त जागा मागते. ती मिळाली नाही, की पॉटचे तुकडे उडतात. ‘मातीत हवेचा बुडबुडा राहिला म्हणून फुटला’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण नुसती हवा पॉट फोडत नाही, फोडतं ते पाणी. म्हणून सुरुवातीला कित्येक तास, मोठा पॉट असेल तर रात्रभर, भट्टी ८०-९० डिग्रीवर नुसती धरून ठेवतात. त्या रात्रीत दिसण्यासारखं काहीच घडत नसतं, पण पॉट वाचतो तो त्याच रात्री.

पुढे साधारण ४५० ते ६०० डिग्रीच्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिक बंधनात असलेलं पाणी निघून जातं. इथून पुढे ती माती पुन्हा कधीच भिजून चिखल होणार नाही. याच टप्प्यात ५७३ डिग्रीचा एक नाका लागतो. मातीतलं क्वार्ट्झ या तापमानाला आपली रचना बदलतं आणि एकदम थोडं फुगतं. थंड होताना याच नाक्यावर ते पुन्हा आकसतं. पॉटचा एक भाग ५५० वर आणि दुसरा ६०० वर असेल, तर एकाच भांड्यात एक बाजू फुगलेली आणि दुसरी न फुगलेली. रुंद, सपाट पॉटमध्ये ही शक्यता सगळ्यात जास्त, कारण तळाचा मधला भाग कडेपेक्षा नेहमीच मागे असतो. इथे वेग कमी ठेवायचा, चढतानाही आणि उतरतानाही.

साधारण ९०० ते १००० डिग्रीला पहिली भाजणी पूर्ण होते. ग्लेझ लावून किंवा न लावता दुसरी भाजणी १२०० च्या पुढे. या वेळी पॉट पुन्हा आकसतो. म्हणून त्याच्याखाली भट्टीच्या फळीवर अॅल्युमिनाची पूड किंवा भाजलेल्या मातीची भुकटी पसरतात, म्हणजे पाय अडकून न पडता आत सरकतात. पॉट लांब असेल तर मधेही एक आधार लागतो, नाही तर त्या तापमानाला मऊ झालेला तळ खाली झुकतो.

आणि शेवटी सगळ्यात मोठा मोह, म्हणजे भट्टी उघडून बघायचा. दोनशे-तीनशे डिग्रीवर झाकण किलकिलं केलं, थंड हवा आत गेली, की ‘टिंग’ असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे तीन आठवड्यांच्या कामाला गेलेला तडा. भट्टी १०० डिग्रीच्या खाली येईपर्यंत तिला हात लावायचा नाही. आपल्या घाटात रस्त्याकडेला लावलेला बोर्ड इथे भट्टीवर टांगायला हरकत नाही: अति घाई संकटात नेई.

तडा वाचता येतो

या सगळ्या माहितीचा उपयोग काय? तर तडा वाचता येतो. आम्हा पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना पहिल्या सेमिस्टरला कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसं असे सहा प्रश्न शिकवतात. तडकलेला पॉट या प्रश्नांची बऱ्यापैकी प्रामाणिक उत्तरं देतो.

कडेपासून खाली उतरणारा, वर रुंद आणि खाली निमुळता होत गेलेला तडा: कड फार लवकर सुकली. तळाच्या मधोमध गेलेली रेघ: स्लॅब नीट दाबला नव्हता किंवा तळ फळीला चिकटून बसला. कोपऱ्यात उभा तडा: जोड कच्चा. पायाभोवती गोल भेग: पाय आणि पॉट वेगवेगळ्या ओलेपणाचे होते. पृष्ठभागावरून खपल्या उडाल्या: आत ओल होती. तड्याच्या कडा बोथट असतील आणि ग्लेझ आत वाहून गेलं असेल, तर तो ग्लेझ वितळण्याच्या आधीच गेलेला होता. कडा काचेसारख्या धारदार असतील आणि ग्लेझही सरळ कापल्यासारखं दिसत असेल, तर तो थंड होताना गेला.

थोडक्यात, तडा ‘असाच’ जात नाही. त्याला जागा असते, वेळ असते, कारण असतं. ‘वाबी-साबी’ म्हणून विषय संपवला, की ही सगळी माहिती कचऱ्यात जाते आणि पुढच्या बॅचचे पॉट तिथेच तडकतात.

कुंभाराला हे कधीचंच माहीत आहे

हे ज्ञान काही परदेशातून आलेलं नाही. आपल्या गावातला कुंभार मातीत राख, लीद किंवा भुसा मिसळतो. भाजताना भुशासारखा भाग जळून जातो आणि मातीत बारीक वाटा राहतात; त्यातून वाफ सुखरूप बाहेर पडते. मडकं आधी सावलीत सुकवायचं, मग उन्हात, हा क्रम तो मोडत नाही. मडक्याच्या आत दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापटणीने ठोकतो, तेव्हा भिंत नुसती पातळ होत नाही, दाबली जाऊन घट्टही होते. स्टुडिओत ‘कॉम्प्रेशन’ म्हणून शिकवतात ते हेच. आणि भर पावसाळ्यात तो आवा लावत नाही. ग्राहक कितीही घाईत असला तरी नाही.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून त्यांनी कोण पक्कं आणि कोण कच्चं हे सांगितलं आणि नामदेव कच्चे ठरले. कथेचा अर्थ अध्यात्माचा असेल, पण तिच्यातली पद्धत अस्सल कुंभाराची आहे. भाजलेलं भांडं टिचकी मारून आजही तपासतात. खणखणीत वाजलं तर अख्खं, बद्द वाजलं तर कुठे तरी तडा आहे, मग तो डोळ्यांना दिसो न दिसो. बॉन्सायचा पॉट विकत घेताना तुम्हीही टिचकी मारून बघा. आणखी एक लक्षात घ्या. कच्चे ठरल्यावर नामदेव रुसले खरे, पण नंतर विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. ‘माझं कच्चेपण हेच माझं सौंदर्य’ असं म्हणून ते घरी बसले नाहीत.

मग घाई कोणाची?

आता मूळ मुद्द्यावर येते. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने वीकेंड वर्कशॉपमध्ये बारा इंची चौकोनी बॉन्साय पॉट केला. शनिवारी बनवला आणि पुढच्या शनिवारी तो भट्टीत गेला, कारण त्यानंतर लगेच वर्कशॉपचं प्रदर्शन होतं आणि बॅच ‘क्लोज’ करायची होती. दिवस पावसाचे. पॉट बाहेर आला तो भोकापासून कोपऱ्यापर्यंत तडा घेऊनच. तिला काय सांगितलं गेलं? तेच, वाबी-साबी. पुन्हा करायचा असेल तर मातीचे आणि भाजणीचे पैसे पुन्हा. तिने पुन्हा केला नाही. पॉकेटमनीवर चालणाऱ्या मुलीसाठी तो छंद तिथेच संपला. ‘मला जमत नाही’ असं ती आता म्हणते, पण न जमलेली गोष्ट तिची नव्हती. तिच्या पॉटला आणखी दोन आठवडे हवे होते आणि ते देणं तिच्या हातात नव्हतं.

असं शिकवणाऱ्यांना मी सरसकट दोष देत नाहीये. भट्टी महाग असते, वीज महाग असते, जागा भाड्याची असते. भट्टी अर्धी रिकामी लावणं परवडत नाही, हे मला समजतं. पण मग हे फी घेताना सांगा. ‘दोन दिवसांत पॉटरी शिका’ अशी जाहिरात करायची आणि तडा गेल्यावर जपानी तत्त्वज्ञान पुढे करायचं, हे बरोबर नाही. दोन दिवसांत पॉट बनवता येतो. तो सुकवायला आणि भाजायला महिना लागतो.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो दमदार आहे. जपानमध्ये तडकलेल्या भांड्यांना खरोखर मान आहेच की! आहे. टोकियोच्या गोतो म्युझियममध्ये इगा इथे घडलेला एक जुना जलपात्र आहे. त्याचं नावच ‘फाटकी पिशवी’ अशा अर्थाचं आहे. त्याला भट्टीत मोठमोठे तडे गेले आणि तरीही तो देशाचा महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा मानला जातो. पण तो निवडला कोणी? शेकडो अख्खी भांडी हाताळलेल्या, चहाच्या परंपरेत मुरलेल्या डोळ्यांनी. ज्याला अख्खं भांडं कसं निघतं हे ठाऊक आहे, त्याने एखादा तडा जवळ करणं वेगळं. आणि ज्याला ते शिकवलंच गेलं नाही, त्याच्या हातात तडा देऊन टाळ्या वाजवणं वेगळं. सोन्याने सांधलेल्या ‘किंत्सुगी’चंही तसंच. तिथे ‘उरुशी’ या झाडाच्या चिकाचे थर एकेक करून दमट जागेत घट्ट होऊ द्यावे लागतात आणि त्यात आठवडे जातात. म्हणजे तडा साजरा करायलासुद्धा घाई चालत नाही!

दुसरा आक्षेप: छंद आहे, एवढं सीरियस कशाला व्हायचं? मातीत हात घालायचा आनंद पुरेसा नाही का? आनंदासाठी पुरेसा आहे, नक्की. कोणी दोन तास माती खेळून मोकळं झालं तर माझी तक्रार नाही. पण ज्यांना शिकायचंय, ज्यांनी शिकण्याचे पैसे भरलेत, त्यांना कारण समजण्याचा हक्क आहे. क्रिकेटच्या कोचने आउट झालेल्या पोराला ‘छान, अपूर्णतेतलं सौंदर्य’ म्हणून घरी पाठवलं, तर आपण त्याला कोच म्हणू का?

आपण काय करू शकतो

वर्कशॉपला नाव घालण्याआधी तीन प्रश्न विचारा. पॉट किती दिवस सुकवणार? भट्टीत जायला तो तयार आहे की नाही, हे कोण आणि कसं ठरवणार? तडा गेला तर का गेला हे बसून समजावणार का? तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं, तर फी थोडी जास्त असली तरी भरा. भट्टी दोन आठवडे पुढे ढकलणाऱ्या शिक्षकावर वैतागू नका. तो तुमचे पैसे वाचवतोय.

ज्या कॉलेजांत सिरॅमिक्स शिकवतात, तिथे मार्क फक्त चकाचक पॉटला देऊ नयेत. किती जाडी ठेवली, किती दिवस सुकवलं, तापमान तासाला किती चढवलं, तडा कुठे गेला, याची वही ठेवलेल्या मुलाला तडकलेल्या पॉटवरही चांगले मार्क मिळाले पाहिजेत. नाही तर काय होतं, सबमिशनच्या आदल्या आठवड्यात भट्टीबाहेर रांग लागते, ओले पॉट आत ढकलले जातात आणि मार्क मिळतात ते सुदैवाला. तडे गेलेले पॉट प्रदर्शनातही ठेवा, पण शेजारी कारणाची पाटी लावून. त्यातून दुसऱ्यांना शिकता येईल.

आणि बॉन्साय पॉट विकत घेणाऱ्यांनी भाव करताना जरा हात आखडावा. ‘एवढीशी कुंडी आणि एवढे पैसे?’ असं विचारताना एक लक्षात ठेवा. त्या किमतीत माती थोडीच असते, जास्त असतात ते दिवस. प्लॅस्टिकखाली गेलेले आठवडे, ८०-९० डिग्रीवर राखलेली रात्र, न उघडलेलं झाकण आणि जे पॉट भट्टीतच राहिले त्यांचाही वाटा. भाईंदरला काम करणाऱ्या ब्रह्मदेव राम पंडित यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा एका कुंभाराच्या हातांना सरकारने सलाम केला. आपण निदान घासाघीस तरी कमी करू शकतो.

आपल्या पिढीला सगळं फास्ट हवं असतं, असं मोठे लोक म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. आम्ही एका परीक्षेसाठी दोन-दोन वर्षं देतो, एका रीलसाठी चाळीस टेक घेतो. आम्ही थांबू शकतो. फक्त कशासाठी थांबायचं आणि किती, हे कोणी तरी खरं सांगितलं पाहिजे. तेव्हा पुढच्या वेळी कोणी तुमच्या तडकलेल्या पॉटला ‘वाबी-साबी’ म्हणालं, तर हसून मान डोलावू नका. पॉट उलटा करा, तडा कुठून निघालाय तिथे बोट ठेवा आणि विचारा, ‘हा इथूनच का गेला?’